बाबांच्या गालांवरची सूज

बाबा, त्या हंगामात तुमचे गाल भरले आणि ते बघून सगळ्यात आधी आई खूश झाली. लग्नापासून काडीसारखा माणूस, शेवटी अंगाला काही लागलं, असं ती शेजारणीला कौतुकानं सांगायची. खरं तर तुमचं ताट अर्धं तसंच परत येत होतं. दोन घास गेले की तुम्ही छातीखाली हात दाबून बसायचात, मग सोडा घालून पाणी प्यायचात. सकाळी पापण्या जड, संध्याकाळी घोट्यांवर चपलेच्या पट्ट्याचे खोल वळ. मी कॉलेजात होते, मला ते दिसत होतं. पण तुम्ही खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर, आणि हंगाम सुरू असताना ग्रेडरनं घरी बसायचं नसतं, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

भाव पडलेले, दिग्रसच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग फाटकाबाहेर सडकेपर्यंत. मी डबा घेऊन आले आहे. तुम्ही एका गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढता, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून बघता, किडीनं पिवळी पडलेली कवडी वेगळी काढता आणि खालची प्रत सांगता. गाडीवाला महागावकडचा, डोक्याला उपरणं बांधलेला. तो ओरडत नाही, तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. मग शांतपणे म्हणतो, "साहेब, आमचे गाल बसून राह्यले अन् तुमचे भरून राह्यले. कोन्या व्यापाऱ्याचं तूप हाय हे?" सगळी रांग हसली. तुम्ही पुढच्या गाडीकडे वळलात. त्या दिवसापासून बाजारात पक्कं झालं, की ग्रेडर व्यापाऱ्यांकडून पैसे घेतो. पुरावा तोंडावरच होता ना!

घरी मी तुमच्याशी भांडले. आजारी आहे म्हणून एकदा सांगून का टाकत नाही, म्हटलं. आयुष्यभर कुणाचा चहासुद्धा न घेतलेल्या माणसाचं नाव असं मातीत जातंय आणि तुम्ही चपला काढून पाय चोळत बसलेले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्यायच्या गाड्या चार-चार दिवसापासून उन्हात उभ्या हायेत. त्यायच्यासमोर मी आपलं पोट कायले सांगू?" मी दार आपटलं.

सूज गुडघ्यांपर्यंत चढली तेव्हा आई घाबरली. सूज म्हणजे किडनी आणि किडनीला डाळ वाईट, हे आपल्याकडे ज्याला त्याला ठाऊक असतं. तिनं तुमचं वरण बंद केलं, अंडी बंद, दही बंद. दुधी आणि भाताची पेज. तुरीच्या मुलखात तुम्ही वरणाशिवाय जेवत होतात आणि दर आठवड्याला आणखी फुगत होतात. लघवीची तपासणी झाली, तीत काहीच सापडलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. तिथे दुर्बीण टाकली, आतला एक तुकडा काढून तपासायला दिला. त्याचा निकाल येईपर्यंत घरात तो एक शब्द कुणी उच्चारला नाही. आई देवापुढे बसायची आणि पुटपुटणं मध्येच थांबवून तुमच्या श्वासाचा कानोसा घ्यायची.

तो रोग नव्हता. डॉक्टरांनी कागदावर पोट काढून समजावलं. आतलं अस्तर सुजून जाड झालंय आणि त्यातून रक्तातलं प्रोटीन पोटात झिरपून जातंय. तेच प्रोटीन रक्तात पाणी धरून ठेवतं. ते घटलं, की पाणी बाहेर निघतं आणि पायांत, तोंडावर साचतं. म्हणजे बाबा, ज्याला बाजार चरबी म्हणत होता ती तुमची झीज होती. आईनं फक्त एवढंच विचारलं, "मंग मी डाळ बंद केली ते?" डॉक्टर हळूच म्हणाले, आता रोज वाढा. पोटातल्या जंतूवर गोळ्या दिल्या, आम्लावर दिल्या. सूज उतरायला महिने लागले.

पुढच्या हंगामात तुम्ही केंद्रावर उभे राहिलात ते गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून लोंबणारा. बाजारानं नवा निकाल दिला, की साहेबांनी पैसे घेणं सोडलं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "पोट बरं झालं, त्याच्यासंगं इमानही बरं झालं म्हने." आणि पोटभर हसलात. मला हसू आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तुम्ही गेलात, ते हृदयानं. तेरवीला तो महागावकडचा माणूस आला होता, म्हातारा झालेला. मांडवात सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "साहेबासारखा मानूस होने नाही. एक साल भरकटले होते, पन मंग असे सुधरले का कोनाच्या रुपयाले शिवले नाही." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माणसं माना डोलवत होती. खरं काय घडलं ते सांगायला मला तुमचं पोट चारचौघांत उघडावं लागलं असतं, आणि ते तुम्ही स्वतः जिवंतपणी केलं नव्हतं. मी गप्प राहिले. तुमचं नाव त्या मांडवात कायमचं तसंच बसलं: एकदा चुकलेला, नंतर सुधारलेला माणूस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही, बाबा. तुमचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.