न विरघळणारी पूड

मंगळवार, ४ तारीख

आले एकदाची. ट्रंक वर चढवून देणाऱ्या माणसाने विचारलं, आजी, आत लोखंड भरलंय का. म्हटलं, नाही रे बाबा, माझी जीभ ठेवलीय, ती एकटीच एवढी जड. हसत हसत दोन जिने चढला बिचारा.

जागा झकास आहे. दोन खोल्या, फरशी अशी गुळगुळीत की पाय जपून टाकावा, आणि नळाला दिवसभर पाणी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच प्रयोगशाळा दिसते. मधलं आवार ओलांडलं की दार. म्हणजे सूनबाईंना कामावरून यायला उशीर व्हायचं काही कारण नाही, तरी होतोच.

माझा मुलगा गेल्यापासून ही एकटी कमावते आणि पोरीला वाढवते. ही नोकरी नवी, पोरीला बघायला कोणी नाही, म्हणून माझी आठवण झाली. फोनवर आवाज इतका मऊ केला होता की मला वाटलं नंबर चुकला. नात सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. आल्या आल्या तिने मला नळ, दिवा आणि तिचा पडलेला दात दाखवला.

इतकं शिकून सूनबाईंचं काम काय, तर पूड पाण्यात विरघळते का ते बघायचं. म्हटलं, हे मी जन्मभर केलं, मला कोणी पगार दिला नाही. ती म्हणे, आई, तुम्ही चमच्याने ढवळायचात, आमच्याकडे यंत्र आहे. म्हटलं, आमच्या घरात यंत्र मीच होते.

माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. गावी शेजारणींपाशी तोंड मोकळं करायचे. इथे शेजारीण नाही, तर वही.

शुक्रवार, ७ तारीख

आज डबा द्यायला गेले आणि प्रयोगशाळा आतून पाहिली. काचेच्या बाटल्या कोमट पाण्याच्या टाकीत बसवलेल्या, आणि टाकीखालचं यंत्र त्यांना सारखं झुलवतं. अशी तान्ही मुलं मी पाहिली नाहीत, दिवसभर पाळण्यात आणि एकही रडत नाही. बाटलीत पाणी आणि तळाला पूड. राखाडी, दंतमंजनासारखी. रात्रंदिवस हलवतात, मग गाळतात, गाळलेलं पाणी आटवतात आणि मागे काही उरतं का ते काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलतात. तो तराजू इतका नाजूक की जवळ श्वास सोडायची चोरी. तोलणारा माणूसही तसाच, हळू बोलणारा, हळू चालणारा. मला बसायला स्टूल दिलं. घरी आईवडिलांनी वळण लावलेलं दिसतं.

पूड काही विरघळत नाही. साका तळाला बसतो तो बसतोच. साहेब त्यावर भलते खूश. साहेबांचा टाय मानेपेक्षा रुंद आहे. ते म्हणे, आजी, हे सोनं आहे, भिंतींच्या रंगात घालायचं, पाऊस पडला तरी वाहून जाणार नाही. मी विचारलं, नाकातोंडात गेली तर? ते म्हणे, जी पाण्यातसुद्धा विरघळत नाही ती अंगाला काय करणार! आणि माझ्यादेखत हातमोजे काढून चिमूट घेतली, तपकीर घेतल्यासारखी. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तिथल्या तिथे मोजे काढले. उकडतं त्यात.

मंगळवार, ११ तारीख

सून जेवताना एक गंमत सांगत होती. टाकीपाशी उकडतं, मनगटाला घाम येतो. त्यावर पूड सांडली. पुसायला फडकं घेतलं तर मनगट स्वच्छ. फडक्यालाही काही नाही. मी म्हटलं, खाली पडली असेल. ती म्हणे, हो, तसंच असेल. पण मग घास हातात धरून बसून राहिली.

सकाळी तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात खडे होते. डोळ्याची घाण मी तीन पोरांची काढली आहे, ती मऊ असते. हे टोचतं. मी नखाने काढलं तर नखावर काचेसारखं चमकलं. भिंगरी म्हणाली, आईच्या डोळ्यांतून चांदण्या पडतात.

डॉक्टरने थेंब दिले. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही मेल्याने.

गुरुवार, १३ तारीख

तिचा रुमाल वाळत घातला होता. वाळून पापडासारखा कडक झाला. दुमडला तर मोडला.

आज ती जिना उतरताना मी मागे होते. तिच्या गुडघ्यांतून आवाज येतो. सांडलेल्या साखरेवर चप्पल पडल्यावर येतो तसा.  तिने मागे वळून पाहिलं नाही. पण तिलाही ऐकू आला, तिच्या खांद्यांवरून कळलं मला.

भिंगरीला मी माझ्याजवळ झोपवते आहे. आईला बरं नाही, एवढंच सांगितलं.

शनिवार, १५ तारीख

भिंगरी झोपली, आता लिहिते.

दुपारी आवारात ओरडा झाला. खिडकीतून पाहिलं तर तो तोलणारा माणूस पायऱ्यांवरून घसरला होता. बाहेर गार वारा होता. घसरला म्हणजे काय, दोन पायऱ्या. आपण सगळे घसरतो, शिव्या देत उठतो. तो उठला नाही. सावरायला वर केलेला हात वरच राहिला. चौघांनी उचलला तर हात तसाच, तोंड उघडं तसंच, पाय पायरी चढताना असतो तसा वाकलेला. दाराच्या चौकटीला त्याचा हात लागला आणि आवाज आला – बशी आपटल्यासारखा.

साहेब म्हणे, हृदय बंद पडलं. हृदय बंद पडलेला माणूस मी माझ्या मांडीवर पाहिला आहे. तो सैल पडतो.

सून घरी आली ती भिंतीला धरून, पाऊल हलकं टाकत. शेगडीपाशी बसली आणि हळू आवाजात मला सगळं सांगितलं. म्हणे, आई, आम्ही चुकलो, आम्ही नितळ पाण्यात बघितलं. गाळलेलं, उकळून थंड केलेलं, ज्यात काही म्हणजे काही नाही असं. त्यात ती विरघळत नाही. अंगातल्या पाण्यात विरघळते. घामात, डोळ्यांत, रक्तात. आम्ही मोजे काढले आणि आठवडाभर पीत राहिलो कातडीतून.

मी विचारलं, मग तो दगड कसा झाला? ती म्हणे, ऊन पाणी पोटात मावेल त्याहून जास्त घेतं आणि वरून स्वच्छ दिसतं. पण ते गार झालं, किंवा त्याला नुसता धक्का लागला, तर सगळं एकदम गोठतं. पापणी लवते न लवते तोवर. आणि एकदा गोठलं की ही पूड परत कशातच विरघळत नाही. म्हणून त्याला उचलणाऱ्या चौघांना काही व्हायचं नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, आई, मी भरत आले आहे.

मला सुनेशी भांडता येतं. हे ऐकून काय करायचं ते येत नाही. मी उठले आणि शेगडीत कोळसे घातले.

रविवार, १६ तारीख

भिंगरीला खाली पहारेकऱ्याच्या बायकोकडे ठेवली. रडली, पाय आपटले. नेमके पाय आपटले!  आई आतल्या खोलीत होती म्हणून बरं.

खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. भांडी खाली उतरवली. दोन शेगड्या, तीन रजया. सून पलंगावर बसून असते, आडवं होताना अंग कुरकुर वाजतं. ऊन पाणी पाजलं, पुन्हा पाजलं. ती म्हणे उपयोग नाही, साधं पाणी तिला नको असतं. ओठांच्या कडेला पांढरी रेघ आली आहे. शिंक आली तर? मी दिवसभर तिच्या नाकाकडे बघत बसले. शिंकेला घाबरणारी बाई, हसेल कोणी ऐकून.

तिला विचारलं, साहेबांना सांगितलंस का. म्हणे, फोन केला होता, त्यांची बायको म्हणाली ते आंघोळीला गेले ते बाहेर येत नाहीत, दारही आतून बंद आहे.

सोमवार, १७

ती गुंगीत बडबडते. एक गोष्ट पुन्हा पुन्हा. पूड जिथे कमी असते तिकडे धावते, आई. जिथे कमी असते तिकडे. म्हणून भिंगरीला जवळ आणू नका.

मला कळलं. भिंगरीत कमी आहे. आणि माझ्यात तरी कुठे आहे.

तिचा हात घामाने ओला होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला. मुंग्या आल्या, मग दातांखाली वाळू आल्यासारखं सगळ्या अंगभर. ती जागी झाली, हिसका मारायला गेली आणि थांबली – हिसका मारायचीही सोय नाही. डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिला उलट बोलता आलं नाही. म्हटलं, गप पड.

भीती वाटते. लिहायला लाज नाही वाटत. फार भीती वाटते.

मंगळवार

तिचे डोळे स्वच्छ. ओठांवरची रेघ गेली. कूस बदलली, आवाज नाही.

माझ्या उशीवर खडे. वाळक्या अंगात पाणी असतं किती, मी एका रात्रीत काठोकाठ भरले. करंगळी वाकत नाही. चालते तर गुडघे बोलतात.

तिने पाहिलं. सरळ येऊन माझा हात धरला. सोड म्हटलं. सोडत नाही. म्हणे, अर्धं अर्धं घेऊ. अगं अर्ध्याने भागत नाही, मी लहानशी बाटली, तू परत भरशील. ऐकत नाही. मी तिला मारू शकत नाही, ओढू शकत नाही. दोघी एकमेकींचे हात धरून बसलो, जरासुद्धा न हलता. मुंग्या उलट्या चालल्या होत्या. माझ्याकडून तिच्याकडे. मी ओरडले तर –

शेवटी खोटं बोलले. म्हटलं, खाली भिंगरी रडतेय, ऐक. उठली. जिन्यापर्यंत गेली.

मी आतून कडी लावली.

परत आली आहे. दार वाजवतेय. आधी हळू, बोटांनी. विनवतेय. आई म्हणतेय. ही जीव सोडेल पण हात सोडणार नाही, आणि जोवर हे माझ्यात पातळ आहे तोवर तिच्याकडे धावणार. मग पोरीकडे. आजीवाचून पोरं वाढतात. माझं काय, मी –

नको. मला नको आहे हे. मला उद्या सकाळी चहा हवा आहे.

शेगडी विझवली. खिडकी उघडली. वारा गार. बोटं जड. पाय आता कळत नाहीत.

जोरात बडवतेय आता. बाई गं, थांब. मरेन त्याला मी भीत नाही इतकी – भीते – पण तू जन्मभर म्हणशील माझ्या दार बडवण्याने झालं. तसं नाही. ऐक. धक्क्याने नाही, खिडकी मी स्वतः उघडली, तुझ्या हाताने काही झालेलं नाही, दार फोडलंस तरी मला शिवू नको – आधी पोरीला – आणि हे नीट वाच, तुझ्या हाताने ना