नऊ-सहा पाहून धरलेली खुर्ची

मी, अर्लीन काझमारेक, वय वर्षे शहात्तर, कै. मर्विन काझमारेक यांची पत्नी, शाळेच्या भोजनगृहातील निवृत्त स्वयंपाकीण, राहणार हेंडरसन, नेवाडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीबद्दल शंका असेल त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला पाहावा. त्यांनी मला घड्याळाचे चित्र काढायला लावले, मी काढले. मग मी त्यांना पोकरमध्ये जोडीसोबत एक्का का ठेवू नये हे समजावले. ते त्यांना कळले नाही, पण तसे दाखल्यात लिहिलेले नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात नवऱ्याविषयी मी जे लिहिले होते, ते तर आधी रद्द समजावे.

कलम एक. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा ग्लेन याला मिळावी. माझ्या पश्चात. तोपर्यंत त्याने वृद्धाश्रमाचा विषय काढू नये. रीनोच्या वृद्धाश्रमाचे रंगीत पत्रक तो माझ्या फ्रिजवर लावून गेला होता, ते मी फाडून टाकले आहे. माझे डोके ठिकाणावर नाही असे त्याला का वाटले, ते कलम तीनमध्ये आहे. त्याने ते दोनदा वाचावे.

कलम दोन. गेली एकवीस वर्षे दर गुरुवारी सकाळी मी वसाहतीच्या सभागृहात निवृत्त लोकांना व्हिडिओ पोकर शिकवत आले. कॅसिनोतले मशीन पडद्यावर पाच पत्ते देते. कोणते ठेवायचे आणि कोणते बदलायचे, याचे शास्त्र आहे. पण त्याच्याही आधी मशीन निवडायचे. पत्त्यांच्या कोणत्या हाताला किती पैसे मिळणार याचा तक्ता मशीनच्या काचेवर असतो. फुल हाऊस या हाताला नऊ आणि फ्लश या हाताला सहा असतील तर बसावे, आठ आणि पाच असतील तर तिथून निघावे. माझ्या हस्ताक्षरातले तक्ते वर्गाला मिळावेत. प्रत्येकावर लाल शाईने लिहिले आहे: ‘आधी काच वाचा, मग बसा.’ ही लाल शाई पाहून आता माझी मलाच लाज वाटते.

कलम तीन. मर्विन सप्टेंबरात गेला. इतकी वर्षे कानीकपाळी ओरडूनही तो जोडीसोबत एक्का ठेवायचाच. “एकटा पडतो गं बिचारा,” म्हणायचा. सकाळी मी चर्चला जायची आणि तो प्रार्थना बुडवून थेट कॅसिनोत जाऊन माझ्यासाठी खुर्ची मशीनला टेकवून ठेवायचा. इथे टेकवलेल्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. पण दर थोड्या दिवसांनी त्याचे मशीन बदललेले असायचे.

“कालच्या मशीनला काय धाड भरली?”

“आज हे बरं वाटतंय.”

“बरं वाटतंय! शकुन बघत बसतोस? लोक हसतात मला, मास्तरणीचा नवरा म्हणून!”

“नऊ-सहा आहे गं, बस.”

हे वाक्य तो रोज म्हणायचा. मला ते ‘सुप्रभात’सारखे वाटायचे. दोनदा तर त्याने कॅसिनोच बदलायला लावला, कारण काय, तर तिथले सूप बरे. जुन्या मृत्युपत्रात मी हे सगळे नोंदवून, माझी रक्षा दफनभूमीच्या भिंतीतल्या त्याच्या कोनाड्यात ठेवू नये, असे बजावले होते.

तो गेल्यावर मी त्याने शेवटची धरलेली खुर्ची सोडली नाही. जानेवारीत माझी नवी विद्यार्थिनी फिलिस ओटावे मागे येऊन उभी राहिली.

“अर्लीन, आठ-पाच आहे की गं हे!”

“चष्मा पूस आधी,” मी म्हटले आणि हसत वर पाहिले. आठ. पाच. हातातली कॉफी मांडीवर सांडली, तरी मला भाजल्याचे कळले नाही. मशीनवरचा तक्ता कॅसिनोने ऑक्टोबरातच बदलला होता. मी घाबरून ग्लेनला फोन केला, ही माझी चूक.

“आई, चार महिने? रोज समोर बसून? आणि तुला दिसलं नाही?”

मलाही वाटले, संपले, माझे डोके गेले. तीन दिवस घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी कॅसिनोत कॉफी देणाऱ्या सोकोरोला, म्हणजे आमच्या जुन्या ओळखीच्या बाईला, हे सांगितले. तिने ट्रे खाली ठेवला.

“बाई, पण तुम्ही काच वाचायच्या कधी? साहेब वाचायचे. तुम्ही चर्चमध्ये असायच्या तेव्हा चष्मा लावून अख्खी ओळ वाचत जायचे. जिथे नऊ-सहा असेल तिथे खुर्ची टेकवायचे. इथे एकही उरलं नाही, तर दुसरीकडे बघून यायचे.”

“मग मला बोलला का नाही मेला?”

“मी म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाले, ‘ती शिकवते गं. शिकवणारीला कसं सांगायचं?’”

त्यानंतर महिना झाला, तरी अजून सावरले नाही. सही वाकडी आल्यास त्याचे कारण हे आहे. ग्लेन, माझे डोके शाबूत आहे. एकवीस वर्षांत मी एकदाही काच वाचली नव्हती, आणि तुझ्या बापाला मी चारचौघांत शकुनवेडा म्हणत होते.

कलम चार. माझी गाडी सोकोरो बार्रेरास हिला द्यावी. ती दोन बस बदलून कामाला येते. फिलिसचा माझ्या वॉफलच्या साच्यावर डोळा आहे, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून तो साचा चर्चला.

कलम पाच. माझी रक्षा मर्विनच्याच कोनाड्यात, त्याच्या शेजारी ठेवावी. तो तिथे आधी जाऊन जागा धरून बसला आहे. बाहेरच्या पाटीवर आमच्या नावांखाली एवढेच कोरावे: ‘नऊ-सहा आहे गं, बस.’

वरील मजकूर सही करण्याआधी मी स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चष्मा मर्विनचा.

(सही) अर्लीन काझमारेक

आमच्यासमोर वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबल्या, पाणी दिले.

साक्षीदार:
१. फिलिस ओटावे
२. हॉवर्ड ट्विचेल, शेजारी (आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही)

हेंडरसन, नेवाडा
२१ फेब्रुवारी २०१९