आजोबांची रिकामी जागा

३ मार्च
जर्मनीहून पत्र आलं. तिथल्या एका म्युझियमच्या तळघरात एक पेटी सापडलीय, आत कवटी. वर आमच्या गावाचं नाव, १९०० साल आणि एक नंबर. माणसाला नंबर!
आजोबांना त्याच साली जर्मनांनी झाडाला फाशी दिलं आणि डोकं कापून नेलं — मोजमापं घ्यायला. आजीने नुसतं धड पुरलं. आमच्यात काही वर्षांनी कवटी उकरून केळीच्या बागेत ठेवतात, तोंड आमच्या बर्फाच्या डोंगराकडे, किबोच्या शिखराकडे करून. आजी काय उकरणार? बागेतली ती जागा अजून रिकामी आहे.

४ मार्च
दवाखान्यात लाळ देऊन आले. नातं जुळलं तरच डोकं मिळणार. चोरी त्यांनी केली, पुरावा आम्ही द्यायचा!
धाकटा अपोलिनारी म्हणतो, ताई, जर्मनांना वाट दाखवली ती नदीपलीकडच्या आपल्याच सरदाराने. खरंय. दोन शेजारी भांडत होते. पण तोफ कुणी आणली? कॉफीसाठी उतारावरची जमीन कुणी घेतली? नंतर इंग्रज आले, तेही गेले. ती जमीन अजून आमची नाही.

११ मार्च
मिशनच्या शाळेतल्या सिस्टर उर्सुला आठवल्या. माझे केस विंचरायच्या, ताप आला की उशाशी बसायच्या. आणि इतिहासाच्या तासाला सांगायच्या, आम्ही येण्याआधी इथे काही नव्हतं. मी ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं आणि घरी आजीला वाचून दाखवलं. आजीला! ती केळी सोलत राहिली.
सिस्टरवरची माया जात नाही. त्याचाच संताप होतो.

२ एप्रिल
म्युझियमची बाई आली. हातात इसालेचं पान. ते घेऊन दारात आलेल्याला क्षमा नाकारायची नाही, ही आमची रीत. कुणीतरी पढवून पाठवलेली. सगळी भावकी बघत होती.
मी हात मागे घेतला. "आधी डोकं. मग पान."
इसाले आजवर कुणी नाकारलेलं नाही. एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नन्सनी हिला सगळं शिकवलं, रीत तेवढी शिकवायची राहिली."

३ एप्रिल
अपोलिनारी माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

१९ मे
निकाल आला. रक्त आमच्याच घरातलं.
पण आजोबा नव्हेत. मुलगी आहे. पंधरा-सोळा वर्षांची.
दिवसभर भावकीत घरोघर विचारून आले. अशी कुणी होती, हेच कुणाला ठाऊक नाही.