नऊ किलो कुठे गेले?

अष्टमी, रोहा
मंगळवार, १३ ऑगस्ट १९९६

प्रिय महादेवदादा,

कमळाकरचा नमस्कार. मी इथे खुशाल आहे (हे सवयीने लिहिलं गेलं, पुढचं वाचून काय ते तूच ठरव). पेणला तुझ्या कारखान्यात रंगकामाची घाई असेल, गणपतींचे डोळे तू स्वतःच आखत असशील. तेव्हा आधी कुंचला खाली ठेव.

एप्रिलमध्ये कंपनीने मला ट्रेनिंगला मुंबईला पाठवलं होतं. तिथे वर्गातल्या एका बाईंशी ओळख झाली आणि जिथे थांबायला हवी होती तिथे ती थांबली नाही. एकदा नाही, दोनदा. (पाकिटात निरोध होता. तो अजून पाकिटातच आहे.) जूनमध्ये तुम्ही सगळ्यांनी वडखळच्या मृणालीशी माझा साखरपुडा केलात, आणि त्याच आठवड्यात रोह्याच्या स्टँडवर एड्सचं पोस्टर लागलं: वजन घटणे, ताप, जुलाब. ताप मी दिवसातून पाच वेळा मोजायला लागलो. जुलाब भीतीनेच झाले. राहिलं वजन.

धाटावला आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये ड्रम तोलायचा काटा आहे. जेवणाच्या सुट्टीत आसपास कोणी नाही असं बघून मी त्यावर उभा राहिलो, तर एकोणपन्नास! जानेवारीच्या तपासणीत मी अठ्ठावन्न होतो. त्या दिवसापासून रोज सहा केळी, चार अंडी, शिवाय खानावळीच्या इंदुबाईंकडून तुपाची जादा वाटी. (त्या म्हणाल्या, साखरपुडा मानवला हो तुम्हाला.) पँटचं बटण लागेना, ती मी सूज धरली. काटा मात्र बावन्नच्या वर जाईना. मृणालीने पत्र लिहून विचारलं, शालू कुठल्या रंगाचा घेऊ. मला उत्तर लिहिता येईना. त्या पोरीचा यात काय दोष, या विचाराने मला खरंच रडू आलं.

शेवटी काल पेणला येऊन एका लॅबमध्ये रक्त दिलं (रोह्यात सगळे ओळखतात). आणि आज स्टोअरकीपर काळुरामने मला काट्यावर पकडलं. म्हणाला, "अरे येड्या, रिकाम्या डरमाचं नऊ किलो काटा आधीच वजा करतो. तू काय डरम हायस?"

म्हणजे मी एकसष्ट किलोचा आहे. पण लॅबमधले डॉक्टर म्हणाले होते, वजनावरून काही कळत नाही, रक्तच सांगेल. तेव्हा भीती जिथल्या तिथे आहे, फक्त ती आता एका जाड माणसाला वाटते आहे.

पद्मजावहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
कमळाकर

ता. क. लॅबमध्ये नाव विचारलं तेव्हा घाबरून तुझं सांगितलं. पत्ताही तुझाच दिला, पेणमधला दुसरा मला पाठ नाही.

ता. क. २. रिपोर्ट शनिवारी मिळेल. लॅबवाला फार सज्जन, म्हणाला, तुमचं घर माझ्या वाटेवरच आहे, जाता जाता देतो. तेव्हा शनिवारी कारखान्यात जाऊ नकोस, दारात बस. रिपोर्टात काहीही असलं तरी मला खरं कळव. मृणालीला मी स्वतः सांगणार आहे.

ता. क. ३. शनिवारपर्यंत हे पत्र पोचलं नाही, तर रिपोर्ट आधी वहिनींच्या हाती पडला असणार आणि हे पत्रही त्याच वाचत असणार. वहिनी, दादा अख्खा एप्रिल पेणमध्येच होता. दादाला घरात घ्या.