बैल मेढीवर का पडत नाही

मास्तर, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, तरी तुमच्याविषयी चांगलं बोलायची वेळ आली की माझी जीभ अडते. वाशीमच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गाला तुम्ही अणू शिकवला होता. मधे केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन. खळ्यात मेढीच्या खांबाभोवती मळणीचे बैल फिरतात तसे. तुमच्या ज्ञानाची झेप तेवढीच. मी उठून म्हणालो, दावं मेढीला घट्ट बांधलं तर ते गुंडाळत जातं आणि आतला बैल खांबाला येऊन चिकटतो. शिवाय तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलंय, की गोल फिरणारा विजेचा कण उजेड फेकत शक्ती गमावतो. मग इलेक्ट्रॉन पापणी लवायच्या आत केंद्रात पडायला हवा. तो पडत का नाही?

तुमचे कान लाल झालेले मला आजही दिसतात. "तुले कायले पायजे ते? पुस्तकात हाये तेवढं लिव, अन् बस खाली." पुढे कॉलेजच्या अर्जावर वर्तणुकीचा शेरा मागायला आलो, तर तुम्ही अर्ज न वाचताच परत केलात. उद्धट पोरांसाठी तुमची सही नव्हती म्हणे. त्या एका सहीवाचून मी आसेगावच्या शेतात जन्मभर वखर हाकत राहिलो असतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

उत्तर मला नागपूरला मिळालं. तुम्हाला कळलं नसतं, तरी सांगतो. इलेक्ट्रॉन बैलासारखा ठरल्या वाटेनं फिरतच नाही. त्याला केंद्राजवळ जितकं कोंडावं तितकी त्याची धडपड वाढते, आणि एका हद्दीपुढे ती केंद्राच्या ओढीलाही पुरून उरते. म्हणून त्याला शक्तीची सगळ्यांत खालची अशी एक पायरी असते. तिच्याखाली पायरीच नाही, मग उजेड फेकून तो जाणार कुठे? 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायचीही तुमची छाती नव्हती, आणि असल्या माणसापुढे आम्ही चार वर्षं माना डोलावल्या.

इथवर लिहून पत्र संपवणार होतो. पण अर्जावरची तुमची सही मीच ठोकली होती. कॉलेजला संशय आला, त्यांनी तुम्हाला विचारलं. तुमचं उत्तर तिथल्या कारकुनानं मला दाखवलं. 'सही माझीच आहे', एवढी एकच ओळ. का लिहिलीत, ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुमच्याबद्दलचा राग त्यानं कमी झाला असंही नाही. हे पत्र टाकायला पत्ता उरला नाही, ते बरंच आहे. कॉलेजच्या पहिल्या सुटीत गावी आलो, तेव्हा मी दोनदा तुमच्या घरावरून गेलो. दोन्ही वेळा तुम्ही ओट्यावर बसला होतात. मी सायकलवरून उतरलो नाही.