भाताचा निकाल

अण्णा, आपल्या घरात भाताचा विजेचा कुकर आला आहे. सुनेनं नुसतं विचारलं, "आई, राइस कुकर घ्यायचा का आपण?" आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी पायात चपला सरकवल्या. ती बिचारी घाबरली. "अहो, इतनी भी जल्दी नाहीये, सेल लागेल तेव्हा बघू," म्हणाली. मी म्हटलं, 'बघू' हा शब्द या घरात काढायचा नाही. दुकानदार झाकण उघडून दाखवत होता. "आंटीजी, बटन दबाओ और भूल जाओ." मग मी झाकण उलटसुलट करून बघते आहे असं पाहून म्हणाला, "घर में किसी से पूछना हो तो पूछ लो, कल ले जाना." मला तिथेच हसू फुटलं. विचारायचं कुणाला? असल्या बाबतीत विचारण्यासारखा माणूस आमच्या घरात एकच होता, आणि त्याला विचारलं की काय होतं ते मी सहावीत असताना पाहिलं आहे. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले.

तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या गेल्या, तुमच्या बरोबरीचे कितीतरी लोक बिस्तरे बांधून गेले. तुम्ही गेला नाहीत. आजोबा दरबारात होते, आपल्यासारख्यांनी इंदूर सोडायचं नसतं, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतात. खरी गोष्ट एवढीच होती की क्वार्टर मिळेपर्यंत भोपाळला एकट्यानं राहावं लागलं असतं, आणि तिथे गरम भात कोण वाढणार होतं? मागे राहिलात ते एका लहानशा कचेरीत, लहानशा टेबलापाशी. तिथे तुम्हाला कुणी काही विचारत नसे. मग घरात मात्र काडेपेटी आणायची तरी तुमचा हुकूम लागायचा. माळव्यात राहून गव्हाला नाक मुरडायचं आणि भातावर मात्र जहागीर असल्यासारखं बोलायचं, हा तुमचा थाट. पानात मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. मूद जरा ढासळली की सगळ्यांची सकाळ नासली. चित्राहुती घालून झाली की पहिला घास तोंडात घेऊन तुम्ही डोळे मिटता. आई पदराला हात पुसत उभी. तुमचे डोळे उघडेपर्यंत स्वयंपाकघरात कुणी हलायचं नाही. मला तेव्हा हा काहीतरी देवाधर्माचा प्रकार वाटायचा. आता वाटतं, एक माणूस जेवत होता, बस्स.

त्या वर्षी इंदूरजवळच्या राऊ गावातल्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई आपल्याकडे आल्या होत्या. आई लग्नाआधी मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शाळा सकाळची, दिवाळीनंतर एक जागा रिकामी होत होती, बसनं जाऊन दुपारच्या आत घरी परतता येत होतं. ओसरीवर तुमच्यासमोरच त्या हे सगळं बोलल्या. तुम्ही "वा, वा" म्हणालात आणि त्यांना चहा घ्यायला लावलात. अडचण एकच होती. तुम्ही कचेरीला जाण्याआधी जेवता, आणि त्या वेळी आई राऊला फळ्यापुढे उभी असणार. पोळ्या पहाटे करून ठेवता येतात, भात ठेवला तर गार गोळा होतो. बाईंकडे नवा प्रेशर कुकर होता. त्यांनीच सुचवलं, निघताना भात शिजवून कुकर तसाच बंद ठेवा, साहेबांच्या पानात पडेपर्यंत गरम राहील. तुमच्या घरात 'मी नोकरी करू का' असं कुणी विचारत नसे. म्हणून आईनं रात्री तुमचं अंथरूण घालताना विचारलं, "अहो, आपण एक कुकर घ्यायचा का?" तिला काय विचारायचंय ते तुम्हाला नेमकं कळलं होतं. मलाही कळलं होतं, मी तर शेजारी पाढे पाठ करत होते. तुम्ही म्हणालात, "बघू. विचार करण्यासारखी गोष्ट आहे."

आणि मग तुम्ही विचार केलात, अण्णा. असा विचार तुम्ही माझ्या लग्नाचाही केला नाहीत. रोज संध्याकाळी ओसरीवर कुकरचं गुऱ्हाळ. तुमचे ते वकीलसाहेब, ज्यांच्याकडे पक्षकार फिरकत नसत, पान लावत सांगायचे, "अरे भिया, वो चीजच खतरनाक आहे. देपालपुरात एकाच्या घरी फुटला म्हणे, झाकण सीधा छत में!" त्या वेळी देपालपुरात कुणाकडे कुकर असेल तर मी नाव बदलीन. मग तुम्हाला रबराची आठवण झाली. झाकणाला रबराची रिंग असते, ती सोवळ्यात चालते का? गुरुजींना बोलावलंत. गुरुजी साधे, हसून म्हणाले, "साहेब, शास्त्रात रबरच नाही तर निषेध कुठून असणार?" तुम्ही बोट वर करून म्हणालात, "निषेध नाही म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही." कचेरीत हे वाक्य तुम्ही कुणाला ऐकवलं असतं तर लोक हसले असते. घरात आई खाली मान घालून सुपारी कातरत राहिली. एका रविवारी तुम्ही सांगितलंत, सियागंजच्या बाजारात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतो. आई संध्याकाळपर्यंत दारात जात येत होती. तुम्ही हातगाडीवाल्याला घेऊन आलात ते एक जाडजूड पितळी पातेलं घेऊन. "घे, तुझ्यासाठी आणलंय," म्हणालात. "यातला भात किती वेळ गरम राहतो बघ." मला ते रिकामंसुद्धा दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि ते घासायला घेतलं.

नाही म्हणायला माणसाला थोडा दम लागतो. तेवढाही तुमच्याजवळ नव्हता. तुम्ही नाही म्हटलं असतंत तर आई रडली असती, भांडली असती, कदाचित माहेरी सांगून मामाला तुमच्याशी वाद घालायला लावलं असतं. तुम्ही ते घोंगडं भिजत ठेवलंत आणि त्याला 'विचार' असं नाव दिलंत.

दिवाळी जवळ आली तेव्हा बाईंनाच राहवलं नाही. त्यांनी आपला कुकर एक दिवसासाठी आईला दिला. तुम्हाला तर पर्वणीच. परीक्षा घेऊ म्हणालात, वकीलसाहेबांना जेवायला बोलावलंत, गुरुजींना बोलावलंत. आईनं एकच तांदूळ दोन ठिकाणी शिजवला, एक तुमच्या पितळी पातेल्यात सिगडीवर, एक कुकरात. तुमच्या पानात दोन मुदी. कुठली कुठली ते फक्त तिला माहीत. तुम्ही एकीतला घास घेतलात, डोळे मिटलेत. दुसरीतला घेतलात, मिटलेत. वकीलसाहेब हात रोखून बसले होते. मग तुम्ही डाव्या मुदीकडे बोट दाखवून म्हणालात, "ह्याला म्हणतात भात. दाणा न् दाणा सुटा, वास बघा. हा सिगडीवरचा." आई दारात उभी होती. तिचा आवाज मी त्याआधी असा ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ती म्हणाली, "तो कुकरचा."

मला वाटलं, झालं, आई जिंकली, आता ती राऊला जाणार. मी मनातल्या मनात शाळेत नेसायला तिचं पांढरं पातळ काढून ठेवलंसुद्धा. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तुम्ही उरलेलं वरण मुदीवर ओतलंत आणि म्हणालात, "म्हणजे बघा वकीलसाहेब, भांडं कुठलंही द्या, हात हिचा पाहिजे. असा हात घरात असताना यंत्र कशाला?" वकीलसाहेब खूश. "क्या बात है, वहिनीजी! साक्षात अन्नपूर्णा!" गुरुजींनीही मान हलवली. सगळ्यांनी आईचं इतकं कौतुक केलं की तिला बोलायला जागाच उरली नाही. इतक्या सफाईनं कुणाच्या तोंडाला पानं पुसलेली मी पुढे उभ्या जन्मात पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनं कुकर पुसून, रिंग वेगळी फडक्यात बांधून बाईंकडे परत केला. दिवाळीनंतर त्या जागेवर दुसरी बाई आली.

त्या दिवसापासून आई भात जेवली नाही. तुम्हाला रोज वाढायची, मूद तशीच सुबक, वर तूप. स्वतः मागून बसायची तेव्हा पोळी आणि वरण. माळव्यात पोळी खाणाऱ्या बाईकडे कोण बघतं? तुम्ही गेलात तोवर तुम्हाला ते कळलं नव्हतं. इतकी वर्षं डोळे मिटून जेवणाऱ्याला समोरच्याच्या पानात काय आहे ते दिसणार तरी कसं? तुमच्यामागे मी माझ्या पहिल्या पगारातून तिला कुकर आणला. तिनं रिंग बोटांनी दाबून पाहिली. "चांगला आहे गं," म्हणाली. "आता कुठे जायचंय मला सकाळी?" आणि त्यात तूरडाळ भरून तो फळीवर ठेवून दिला.

तर परवा तुमची तिथी होती. मी तुमच्या पितळी पातेल्यात भात केला, आणि विजेच्या कुकरातही केला, रबरासकट. गच्चीवर दोन पानं मांडली. सून म्हणाली, "आई, दो-दो कशाला?" मी म्हटलं, "अण्णांना पारखून घ्यायची सवय आहे." कावळ्याच्या रूपानं बाप येतो वगैरे मी मानत नाही, आणि तुम्ही तर बसचाही प्रवास टाळणारे. पण कावळा आला. कठड्यावरून त्यानं दोन्ही पानं नीट न्याहाळली, मान इकडे केली, तिकडे केली, आणि उतरला तो थेट कुकरच्या भातावर. मी आईसारखीच पदराला हात पुसत उभी होते. म्हटलं, "तो कुकरचा."

त्यानं एक डोळा माझ्याकडे लावला, आणखी एक घास उचलला आणि उडून गेला. अगदी तुमच्यासारखं. हे कागद मी कुठेही धाडणार नाही, धाडायला पत्ता नाही आणि तुमच्याकडून 'बघू'पलीकडे उत्तरही येणार नाही. फक्त एक कबूल करते. सून खालून जेवायला हाका मारत होती, तरी मी ती पानं बराच वेळ उचलली नाहीत. तुम्ही परत येऊन काहीतरी म्हणाल, असं वाटत होतं.