आगळाचा पेला

१२ एप्रिल
सकाळी थिबा पॅलेसच्या रस्त्याने फिरून आले. कंबर बरी. हल्ली पुस्तक मांडीवर घेत नाही, उशीवर टेकवून डोळ्यांसमोर धरते. आयुष्यभर मान मोडून वाचलं आणि लोकांना ताठ मानेने जगा म्हणून सांगत फिरले. असो.

गावाहून थोरल्या जाऊबाईंचा फोन. अक्का फोनवर बोलत नाही, ओरडते. "शालू, कंबरेचा दुखणा कुठं गेला ता कळंत नाय गो. शोधतंय तरी सापडंत नाय." आणि स्वतःच हसली.

आठ मार्चला गावच्या विहारात मी बोलले, ते तिने अक्षर न अक्षर धरलंय. हंडा उचलायचा तर गुडघ्यात वाकून. केरसुणीला लांब काठी. झोपताना गुडघ्यांखाली उशी. संध्याकाळी ओढ्यावरच्या साकवापर्यंत चालणं. पापड, लोणचं, सुकी मासळी घरातून हद्दपार, कारण तिचं हृदय अशक्त आहे आणि मीठ कमी करा असं डॉक्टरांनी कधीचं सांगितलंय. गोड चहाऐवजी घरच्या रातांब्यांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ पाण्यात घालून, दिवसातून तीनदा.

ते भाषण चांगलंच झालं होतं. "घरातली बाई कमरेत मोडलेली आणि आपण समाजाचा कणा ताठ करायला निघालो" या वाक्याला बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. "साखरेच्या बाटल्या फेका, परसात रातांबा उभा आहे" याला टाळ्या. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो तालुकाभर फिरतोय.

बोलण्याने माणसं बदलतात. अक्का पुरावा.

१४ एप्रिल, संध्याकाळी
जयंतीसाठी गावी. मिरवणूक, मग भाषण. विषय शिक्षण. आवाज शेवटपर्यंत टिकला.

अक्का पांढऱ्या साडीत पहिल्या ओळीत. माझ्या प्रत्येक सभेला तिची जागा तीच. पण आज विहाराच्या पायऱ्या चढताना मध्येच बसली. चप्पल काढली तेव्हा पट्ट्याचा वळ पायात खोल रुतलेला.

"पाय सुजलेत तुझे."
"ऊन काय कमी हाय?"

मलाही ऊनच वाटलं. म्हटलं, आगळ घे, थंड वाटेल. ती उठली, धापा टाकत घरी गेली आणि दोन पेले घेऊन आली. एक मला.

१८ एप्रिल
नितीनचा मुंबईहून फोन. अक्काचा मुलगा. शेजाऱ्यांनी त्याला कळवलं होतं. आईला आडवं होता येत नाही, पडली की गुदमरते, भिंतीला टेकून बसली आहे.

हे गाडी घेऊन गेले. मी दवाखान्यात जाऊन उभी. आणली तेव्हा ओठ निळसर. मला बघून हात हलवला. बोलायला श्वास नव्हता.

फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले.

गेल्या आठवड्यात ही बाई फोनवर हसत होती.

१९ एप्रिल
ऑक्सिजन चालू. सुईतून औषध देऊन पाणी उतरवताहेत.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. विचारलं, गोळ्या चुकल्या का? नाही. खाण्यात मीठ?

माझा पारा चढला. "पापड नाही, लोणचं नाही, सुकट नाही. भाजीत चिमूटभर. मी स्वतः सांगितलंय तिला. काही कळलं नाही की तुम्ही लोक मीठ म्हणता आणि मोकळे होता. तुमच्या गोळ्याच तपासा एकदा."

बाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "काकू, मीठ कुठून तरी जातंय. आठवून बघा."

घरी आले तरी धुमसत होते. ह्यांना म्हटलं, गरिबाला आजार झाला की सगळ्यात आधी त्याचं ताट तपासतात.

२० एप्रिल
लिहवत नाही, तरी लिहिते.

अक्काला आज बरं वाटत होतं. तोंडाला चव नाही म्हणाली, आगळ मागितलं. मी घरून ते पाणी घालून बाटलीत नेलं. पेल्यात ओतते आहे तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"हे काय?"
"कोकम. हृदयाला चांगलं."
"साखरेचं सरबत?"
"छे. घरचं आगळ आहे."

त्या थांबल्या. म्हणाल्या, माझं आजोळ दापोलीचं. तुमच्याकडे आगळ कसं घालतात?

मी सांगायला लागले. सांगायला मला आवडतंच. रातांबे धुवायचे, फोडायचे, बिया काढायच्या. मग बरणीत एक थर सालींचा, त्याच्यावर एक थर

तिथे थांबले.

एक थर मिठाचा. खडे मीठ, ओंजळीने. रस सुटतो तो मिठाने, वर्षभर टिकतो तो मिठाने. दर मे महिन्यात याच हातांनी घालते. बोटांना चिरा पडलेल्या असल्या तर झोंबतं म्हणून ओरडते. आणि माझ्या डोक्यात मीठ म्हणजे पापडातलं, लोणच्यातलं. आगळ म्हणजे फळ. परसातलं. आपलं.

आंबट इतकं की जिभेला खारट कळत नाही. पण हाताला कळत होतं ना.

डॉक्टरीणबाईंनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. रागावल्या नाहीत. "किती दिवस घेताहेत?" अक्का उत्साहाने म्हणाली, "आठ मार्चपासना. एकदा पन चुकवला नाय."

मी खाली बसले. नर्सने माझाही बी.पी. घेतला. खूपच वर. मीही घेतेच की, सभेआधी एक पेला, सभेनंतर एक. घशासाठी.

२१ एप्रिल
नितीन आला. रात्रीच्या गाडीने, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं भांडेल.

"काकी, आई डॉक्टरांचं अर्धं ऐकते. तुमचं पूर्ण."

एवढंच म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

मग अक्काला सांगितलं. तिचा हात हातात घेऊन, सावकाश. तुझ्या छातीत पाणी झालं ते आगळातल्या मिठाने. मी चूक सांगितलं तुला.

तिने माझा हात थोपटला. मग म्हणाली, "तुझा बी.पी. वाढलाय, तू पडून ऱ्हा जरा."

२४ एप्रिल
अक्काला आमच्याकडे आणलं. नितीन मुंबईला परत, रजा नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं: रोज सकाळी वजन. एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन. धाप लागली, पाय सुजले, जास्त उशा लागायला लागल्या तरी फोन. दिवसभरात पाणी किती प्यायचं तेही मोजून. पाठीचं जे चाललंय ते चालू द्या, थोडं थोडं चालणंही, दम लागला की थांबायचं. म्हणजे माझं बाकी सगळं बरोबर होतं. त्यामुळेच तर ती फसली. कंबरदुखी थांबली म्हणून आगळावर विश्वास बसला. सगळंच चुकलं असतं तर तिने आठवडाभरात सोडून दिलं असतं.

अक्काने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "सैंधव घालून केला तर?"
"ते पण मीठच, आजी."
"मंग थोडा?"
"थोडंही नाही."
अक्का मला हळूच, "पोर हुशार हाय. पन तुझ्यावानी बोलता येत नाय तिला."

२६ एप्रिल
व्हिडिओ काढून टाका म्हणून गावच्या महिला मंडळाच्या रेखाला फोन केला. ती म्हणाली, माझ्याकडचा काढते बाई, पण तो आता कुठे कुठे गेलाय. देवरूखच्या बायकांनी तर त्याला गाणं लावलंय.

दुपारी एका अनोळखी बाईचा फोन. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, आगळ जेवणाआधी द्यायचं की नंतर? देऊ नका म्हटलं. मीठ किती असतं ते सांगितलं. ती म्हणाली, "पण व्हिडिओत तर तुम्ही..." मी म्हटलं, व्हिडिओतली बाई चुकली.

असे किती फोन येणारच नाहीत. जे विचारतात ते वाचतील. विश्वास ठेवणारे विचारत नाहीत.

१ मे, बुद्धपौर्णिमा
गावी विहारात. जिथे सांगितलं तिथेच उभं राहून मागे घ्यायचं ठरवलं होतं. अक्का हट्टाने आली, पहिल्या ओळीत बसली.

वंदना झाली. मी उभी राहिले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवली होती, पण तोंडात आली ती साधीच. आगळात भरपूर मीठ असतं. ज्यांना बी.पी. आहे, हृदयाचा, किडनीचा त्रास आहे त्यांनी ते पिऊ नये. मी मार्चमध्ये प्या म्हणून सांगितलं ते चूक होतं. त्यापायी माझी जाऊ मरायला टेकली होती.

आवाज चढलाच नाही. चढवायचा कसा तेच कळेना. आजवर दुसऱ्याच्या चुकीवरच चढलाय तो.

मागून रेखा, "मग बाई, तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या परत घ्यायच्या काय?" हशा. मीही हसले, काय करणार.

मग अक्का उठली. कोणी सांगितलं नव्हतं. जन्मात कधी सभेत बोलली नाही. पदर सावरून वळली बायकांकडे.

"आगळाने काय झाला नाय मना. माझा हृदयच जुना. डॉक्टर कायतरी नाव घेतात. शालूचा आजपातूर एक पन खोटा झाला नाय, ती उगाच सोताला लावून घेतेय."

आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये मला वाजवल्या त्याहून मोठ्या.

मी माइक परत हातात घेतला. "अक्काचं ऐकू नका." कोणी ऐकलं नाही. खीर वाढायला सुरुवात झाली होती.

२ मे
गावीच राहिलो. सकाळी अक्काला अंगणात बसवलं आणि बोलले. चिडून बोलले.

"मी चुकले, अक्का. चुकले म्हणून सांगते तर तेवढं तरी ऐक."

ती रातांब्याच्या झाडाकडे बघत होती. म्हणाली, "तू चुकलीस, तर मी इतकी वरसा कुणाचा ऐकला?"



या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले होते, शिकलेली सून आणली, आता पुरे. अक्काने माझ्या वाटची भांडी घासली, माझ्या वाटची लावणी केली, आणि मला डी.एड.ला धाडलं. तिला सही येते, बाकी अक्षर नाही. मी वाचायचं आणि तिला सांगायचं, हा आमचा जुना करार. तिच्या हिशेबी मी बोलते ते तिचंच बोलणं. ते खोटं ठरलं तर भांडी फुकट, लावणी फुकट.

मी मोठमोठ्यांच्या अंधश्रद्धेवर तुटून पडले आहे. ही माझ्यावरची श्रद्धा. हिच्यावर कशी तुटून पडू?

५ मे
हे रत्नागिरीला परतले. मी इथेच.

माळ्यावरच्या बरण्या उतरवल्या. गेल्या वर्षीचं आगळ परसात ओतलं. लालभडक ओघळ जांभ्या दगडावरून. अक्का दारात उभी राहून बघत होती, जणू मी घरातलं कोणी बाहेर काढतेय. "दान तरी करायचा." कुणाला करू, म्हटलं.

रातांबे पिकलेत. या वर्षी साली नुसत्या उन्हात वाळवतेय, बिनमिठाच्या. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्यातली एखादी वरणात टाकली तर चालेल म्हणाल्या. अक्काने चाखून बघितली. "मेल्यावानी लागतंय."

दोन्ही वेळा तिच्यासोबत साकवापर्यंत जाते. ती थांबते तिथे थांबते. वजन काट्यावर ठीक. पायावर वळ नाही. माझाही बी.पी. खाली येतोय, गोळी सुरू झालीय.

८ मे
आज ती हसली. रेखा आली होती, म्हणाली, बाई तुम्ही इथे राहिल्यापासून अक्का शाळेत बसल्यासारखी बसते. अक्का म्हणाली, "मास्तरीण वाईट हाय. पानी पन मोजून देते." मला बरं वाटलं. वाटलं, लागतंय मार्गाला.

रेखाने जाताना विचारलं, यंदा आगळ घालणार नाही तर सोलकढीला काय? म्हटलं, या घरात सोलकढी नाही. ती अक्काकडे बघत बघत पायऱ्या उतरली.

११ मे
सकाळी काट्यावर उभी केली. वजन चढलंय. काटा पुसून परत बघितलं. तेच.

पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, लवकर भरला नाही.

"काय घेतलंस?"
"काय नाय."
"रेखाने काही दिलं?"
"पानी प्यायले गो. तू मोजून दिलास तेवढाच."

स्वयंपाकघरात गेले. मोरीच्या कडेला एक पेला उपडा. धुतलेला. घरात मी उठण्याआधी कोणी पेला धूत नाही. उचलून नाकाशी धरला. आंबूस वास आला, पण कालपासून साली उलटसुलट करतेय, माझ्या बोटांनाही तोच वास. पेल्याचा की माझ्या हातांचा, कळेना. हात धुऊन परत बघितलं. तरी कळेना.

दवाखान्यात फोन लावलाय. डॉक्टरीणबाई वॉर्डात आहेत, बाहेर आल्या की बोलतील म्हणाले. ह्यांना गाडी घेऊन निघायला सांगितलंय.

हे लिहितेय तिथून अक्का दिसते. ओटीवर बसली आहे, पाठ सरळ, पावलं जमिनीला टेकलेली, मी शिकवली तशी. श्वास मोजतेय मी तिचा, इथून. तिने एकदा वळून बघितलं आणि विचारलं, "आज कसला भाषण लिवतेस?"